डॉफिंग मनाचं: साथीच्या ड्युटीत स्वतःला कसं सांभाळायचं

२०२० च्या एप्रिलमध्ये आमचं कोविडचं ट्रेनिंग झालं तेव्हा पीपीई किट घालायला जेवढा वेळ शिकवलं त्याच्या दुप्पट वेळ किट काढायला, म्हणजे डॉफिंग, शिकवलं. घालताना चुकलं तर परत घालता येतं, पण काढताना चुकलं की बाहेरचा विषाणू आपल्याच अंगाला लागतो. प्रत्येक पायरीनंतर हात सॅनिटाइझ करायचे, घाई करायची नाही, एन-९५ सगळ्यात शेवटी. आणि एक गोष्ट परत परत सांगितली, एकट्याने काढायचं नाही, समोर कोणीतरी बघत उभं पाहिजे, कारण सहा तास घामात उभ्या राहिलेल्या माणसाला आपण कुठे चुकतोय ते स्वतःचं स्वतःला कळत नाही.

मी सिंधुदुर्गात स्टाफ नर्स आहे. किट काढायचं शिकवलं, पण त्या किटच्या आत जे साठत गेलं ते कसं काढायचं ते कोणी शिकवलं नाही, आणि आम्ही सगळ्यांनी ते एकट्यानेच काढायचा प्रयत्न केला, कोणी बाथरूममध्ये रडून, कोणी गोळ्या खाऊन, कोणी घरच्यांवर ओरडून. नंतर उपचार घेताना आणि पुढच्या ट्रेनिंगांमध्ये जे समजलं ते इथे पायऱ्यांनी लिहिते. सिस्टर, एमओ (मेडिकल ऑफिसर), आशाताई, सीएचओ (उपकेंद्रावरचे आरोग्य अधिकारी), लॅबवाले, मामा-मावशी (वॉर्डबॉय-आया), १०८ अॅम्ब्युलन्सचे पायलट (ड्रायव्हर), सगळ्यांसाठी. साथ कोविडचीच असेल असं नाही, आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) असतो, दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप झालेला आहे, तेव्हाही हेच लागतं.

आधी ओळखा, नेमकं काय होतंय

"टेन्शन आलंय" हा एकच शब्द आपण सगळ्याला लावतो आणि तिथेच घोळ होतो, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

साधा ताण म्हणजे छातीत धडधड, पोट बिघडणं, ड्युटीवर निघायच्या आधी सारखं लघवीला लागणं, घरी आल्यावर चिडचिड. दोन दिवस नीट झोप आणि जेवण झालं की हे उतरतं. हा आजार नाही.

बर्नआउट वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली, आजार म्हणून नाही, आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण संपल्यासारखं वाटतं, कामापासून मन तुटतं, आणि आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही असं वाटायला लागतं. मला दुसरी खूण आधी लागली. २०२१ च्या मे महिन्यात मी पेशंटना नावाने हाक मारायची सोडली, "सात नंबर", "अकरा नंबर" करायला लागले, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, बरोबरच्या सिस्टरने सांगितलं तेव्हा मला धक्का बसला, कारण नावाने हाक मारणं हे मी स्टुडंट होते तेव्हापासून जपलेलं होतं. बर्नआउटला दोन दिवसांची सुट्टी पुरत नाही, कामाची रचना बदलावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉरल इंज्युरी. मी त्याला मनाला लागलेला वळ म्हणते. जे करायला हवं होतं ते माहीत असून करता आलं नाही, बेड एक आणि माणसं दोन, किंवा नातेवाईकाला आत सोडता आलं नाही आणि पेशंट एकटा गेला. यात थकवा मुख्य नसतो, अपराधी वाटणं मुख्य असतं, म्हणून "जरा आराम कर" हे सांगून काही होत नाही. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

चौथं म्हणजे खरोखरचा आजार, डिप्रेशन, अँग्झायटी, आणि आघातानंतर महिनाभर उलटूनही त्याच आठवणी, तीच स्वप्नं, तीच दचक राहणं. याला डॉक्टर लागतो. मलेरियाला लागतो तसाच.

जोडीदार ठरवा, साथ अंगावर यायच्या आधी

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि हिला एक रुपया खर्च नाही. डॉफिंगला समोर कोणी उभं असतं तसं मनासाठीही एक माणूस ठरवून टाका. आपल्याच कामातला, शक्यतो आपल्याच पदाचा, कारण इन्चार्जला सगळं सांगता येत नाही आणि घरच्यांना त्यातलं निम्मं समजत नाही. जिवलग मैत्रीणच पाहिजे असं अजिबात नाही, वेळेवर विचारणारी आणि बाहेर न बोलणारी पाहिजे. उपकेंद्रावर एकटी असाल तर शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर फोनवर. आशाताईंनी शेजारच्या वाडीची ताई धरावी.

रोज ड्युटी संपली की एकमेकींना विचारायचं. "कशी आहेस" असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर "बरी आहे" हेच येतं. विचारायचं ते असं: पाणी किती प्यालीस? काल सलग किती तास झोपलीस? आज कुठला पेशंट डोक्यातून जात नाहीये? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यात येतात म्हणून खोटं बोलायला अवघड जातं, आणि तिसऱ्या प्रश्नाला नुसतं नाव सांगितलं तरी चालतं. लगेच सल्ला द्यायचा नाही, "देवाची मर्जी" म्हणून विषय बंद करायचा नाही, ऐकायचं.

एक शब्द पण ठरवून ठेवा. आमचा शब्द होता "उधाण". वॉर्डात कोणी म्हणालं "उधाण आलंय" की दुसरीने काही न विचारता तिचे बेड दहा मिनिटं बघायचे आणि पहिलीने बाहेर जाऊन यायचं. समुद्राजवळ वाढलेल्या माणसाला उधाण कळतं, त्यात होडी घालायची नसते, उतरेपर्यंत थांबायचं असतं.

आणि जोडीदाराला चूक दाखवायची परवानगी आधीच देऊन ठेवा. थकलेल्या डोक्याने मी एकदा दोन बेडांची इंजेक्शनं अदलाबदल करणारच होते, ती मागे उभी होती म्हणून टळलं. तिने नुसतं "थांब, परत वाच" एवढंच म्हटलं. त्या दिवसानंतर आम्ही हाय रिस्क औषध दोघींनी मोठ्याने वाचूनच दिलं.

ड्युटीत असताना

कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये किटच्या आत अंगाचं पाणी होतं हे अनुभवलेल्यांना सांगायला नको. लघवीला जायला मिळणार नाही म्हणून कित्येकींनी पाणी पिणंच बंद केलं होतं, मी पण, आणि डोकेदुखी, चिडचिड, गरगरणं यातलं बरंचसं तिथून येत होतं. त्याला आपण मनाचा त्रास समजत होतो. किट घालायच्या आधी अर्धा तास दोन ग्लास पाणी, चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत असेल तर छान, बीपीवाल्यांनी मीठ सोडून. सकाळच्या ड्युटीला निघताना चहा-बिस्किटावर निघू नका, उकड्या तांदळाची पेज पोटात असली तर ती उभं ठेवते.

पाळीच्या दिवसांत किट घालायची वेळ आली तर इन्चार्जला सरळ सांगून शिफ्ट अर्धी करून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हे न सांगितल्यामुळे किती जणींनी उगाच हाल काढले.

घाबरायला झालं की लोक "दीर्घ श्वास घे" म्हणतात. एन-९५ मध्ये दीर्घ श्वास घ्यायला गेलं की उलट गुदमरल्यासारखं होतं आणि भीती वाढते. त्यापेक्षा पायापासून सुरू करा. दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट दाबा, बुटात बोटं आवळा आणि सोडा, असं पाच वेळा. मग डोळ्यासमोरच्या तीन वस्तूंची नावं मनात घ्या, सलाईन स्टँड, खिडकी, सिलिंडर. मग श्वास, नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत हळू बाहेर. बाहेर सोडणं लांब असलं की हृदयाचे ठोके उतरतात, इतकं साधं आहे. मिनिटभर पुरतं आणि कोणाला कळत पण नाही.

व्हॉट्सअॅपचं एक सांगते. ड्युटीच्या मधल्या सुट्टीत ग्रुप उघडू नका. आपण आत तेच बघत असतो आणि बाहेर येऊन परत तेच आकडे, तेच व्हिडिओ. ऑर्डरचा ग्रुप वेगळा ठेवा, बाकीचे म्यूट.

पेशंट गेला तर

इथे जरा थांबून लिहिते, कारण आम्ही सगळे इथेच मोडलो.

आपल्या छोट्या दवाखान्यांत मृत्यू रोजचा नसतो. सिरिअस झालं की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला किंवा कोल्हापूरला रेफर, हीच सवय. दुसऱ्या लाटेत रेफर करायलाच जागा नव्हती, मग माणसं आमच्यासमोर गेली. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं त्या रात्री लाइट गेलेली, झाडं पडून रस्ते बंद, आम्ही ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर टॉर्चने मोजत होतो आणि एका आजोबांचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) खाली खाली जात होतं, मुलगा मुंबईत, रेंज नाही. पहाटे ते गेले. मी फॉर्म भरला, पुढच्या बेडकडे गेले. रडू आलं नाही. तीन आठवड्यांनी घरात कुकरची शिट्टी झाली आणि मी ओट्याजवळ खाली बसून रडले, का ते मलाच कळत नव्हतं.

आता मी नव्या मुलींना सांगते ते असं करा.

पेशंट गेल्यावर अर्धं मिनिट थांबा. खरंच तीस सेकंद, सगळ्यांनी बेडजवळ उभं राहायचं, पेशंटचं नाव घ्यायचं, ज्याच्या त्याच्या मनात जे येईल ते. वॉर्ड कितीही भरलेला असला तरी तीस सेकंद मिळतात. मामा-मावशींना त्यात घ्या, कारण बॉडी बांधायचं काम त्यांच्याकडे असतं आणि त्यांना कोणीच विचारत नाही.

नातेवाईकांना फोन करायचं काम एकाच माणसावर टाकू नका, पाळीपाळीने करा, आणि फोन करणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी बसा. फोन झाल्यावर लगेच दुसरा फोन नाही, पाच मिनिटं बाहेर.

अपराधी वाटत असेल तर घरी जाऊन वहीत तीन ओळी लिहा: माझ्या हातात काय होतं, माझ्या हातात काय नव्हतं, मी काय केलं. मी त्या आजोबांबद्दल लिहिलं तेव्हा दुसऱ्या ओळीत वादळ, रस्ता, लाइट, बेड, एवढं सगळं आलं, आणि तिसऱ्या ओळीत आलं की शेवटचा तास मी त्यांचा हात धरून होते. हे मी विसरूनच गेले होते. पहिल्या ओळीत खरंच काही चूक निघाली तर ती लपवू नका, सिनिअरशी बोला, पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरवा. खरी चूक आणि उगाच ओढून घेतलेला दोष यात फरक करता आला की निम्मं ओझं उतरतं.

आणि एक, मोठी घटना घडली की सगळ्यांना गोल बसवून "आता प्रत्येकाने काय वाटलं ते सांगा" असं करू नका. हेतू चांगला असतो, पण घटनेनंतर लगेच असं सगळ्यांकडून खोदून बोलून घेणं जागतिक आरोग्य संघटनाही करू नका म्हणते. त्यांची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत सोपी आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कोणाला काय लागतंय ते बघा, बोलायचं असेल तर ऐका, आणि पाणी, झोप, घरचा फोन, डॉक्टर, जे हवं त्याच्याशी जोडून द्या. ज्याला गप्प बसायचंय त्याला गप्प बसू द्या.

दवाखाना ते घर

नाइट करून टू-व्हीलरवर वीस-पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. नागमोडी रस्ता, सकाळचं ऊन, आणि डोळे मिटतात. झोप येत असेल तर दवाखान्यातच वीस मिनिटं पडा आणि मग निघा, घरी फोन करून सांगा उशीर होईल. एसटी मिळत असेल तर एसटीने जा. हे मानसिक आरोग्याच्या लेखात कशाला असं वाटेल, पण जिवाच्या पुढे काही नाही.

वाटेत एक जागा ठरवा. माझी जागा म्हणजे एक व्हाळावरचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल. तिथे गाडी थांबवायची, आजची शेवटची दवाखान्याची गोष्ट मनात आठवायची आणि "आता घर" म्हणून पुढे जायचं. पहिले काही दिवस उपयोग होत नाही. महिनाभराने व्हायला लागतो, मनाला सवय लागते.

घरी गेल्यावर मागच्या दाराने न्हाणीत, चुलीवरचं कढत पाणी अंगावर, मगच घरात. हे कोविडसाठी सुरू केलं, पण मला वाटतं त्याने मनालाही मदत झाली, आणि मी ते अजून सोडलेलं नाही.

झोप

झोप नसेल तर वरचं सगळं वाया. नाइटनंतर दिवसा झोपायचं तर पडवीत पडू नका, तिथे उजेड आणि येणारे-जाणारे. माजघर हे घरातलं सगळ्यात काळोखं आणि थंड, तिथेच गादी टाका. शेवटचा चहा झोपायच्या सहा तास आधी, कारण चहा-कॉफीचा अंमल वाटतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ राहतो. नाइट सुरू व्हायच्या आधी दुपारी दीड तास झोप काढली तर रात्र सोपी जाते.

झोपेसाठी दारू घेणारे बरेच आहेत, पुरुष स्टाफमध्ये जास्त, आणि हे उघड बोललं जात नाही. दारूने झोप लागते लवकर, पण मध्यरात्री मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. तसंच स्टोअरमधली अल्प्राझोलामची, मन शांत करणाऱ्या गोळ्यांची, पट्टी. आपल्या हाताशी औषधं असतात म्हणून आपण स्वतःच डॉक्टर होतो. या गोळ्यांची सवय लागते, आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. डिप्रेशनवर देतात ती औषधं वेगळी, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, पाच दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

गावाचा त्रास

२०२० च्या मे महिन्यात चाकरमानी आले, शाळांमधून विलगीकरण झालं, हातावर शिक्के, आणि दोन्ही बाजूंची बोलणी आशाताईंनी खाल्ली. गाव म्हणतो यांना का येऊ दिलं, चाकरमानी म्हणतात माझ्याच घरात मला का जाऊ देत नाही. सप्टेंबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" सुरू झालं, घरोघर ताप आणि ऑक्सिजन बघायचा, काही घरांनी आशाताईंना खळ्यात (अंगणात) पण उभं केलं नाही. मला स्वतःला एका दुकानदाराने नोट हातात न घेता टेबलावर ठेवायला लावली आणि माझ्यासमोर तिच्यावर सॅनिटायझर मारला. अशा गोष्टी छोट्या वाटतात पण त्या राहतात.

काय करायचं? एकट्याने गावाशी भांडू नका. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांच्यापैकी जो समजूतदार आहे त्याला गाठून त्याच्या तोंडून गावाला सांगायला लावा, आपण दहा वेळा सांगितलेलं त्याने एकदा सांगितलं की पटतं. सर्वेला जोडीने जा. कोणी काय बोललं ते तारखेसकट लिहून ठेवा. आणि शिवीगाळ, धमकी, हात उगारणं झालं तर गप्प बसू नका. २०२० मध्ये साथरोग कायद्यात बदल झाला, साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा केली तर गुन्हा अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा असेल तर सहा महिने ते सात वर्षं. तक्रार एमओंमार्फत लेखी द्या.

आणि जी माणसं चांगली वागली त्यांची पण आठवण ठेवा. आमच्या वाडीतली एक म्हातारी रोज कुंपणावरून ओरडायची, "गो, जेवलंस काय?" मी तिच्या त्या हाकेवर किती दिवस काढलेत ते तिला माहीत नाही.

वादळ-पुराची तयारी आधीच

कोकणात साथीबरोबर दुसरं काहीतरी येतंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ, रायगड आणि दापोली-मंडणगडकडे घरांचे पत्रे उडाले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण, महाडला पूर. स्वतःच्या घरात पाणी असताना लोक ड्युटीवर होते. मी वॉर्डात असताना अर्धी काळजी घरची असते, म्हणून मेच्या शेवटी हे उरकून टाका: मुलं कोणाकडे राहणार ते नक्की, सासू-सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या, टॉर्च, पॉवर बँक, सुकं राशन, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, आणि शेजारच्या एका माणसाचा नंबर जो घरी जाऊन बघून येईल. लिहून फ्रिजवर चिकटवा. हे केलेल्या वर्षी मी ड्युटीत घरी दोनदा फोन केला, त्याआधीच्या वर्षी बारा वेळा.

सण चुकतो त्याचं काय

२२ ऑगस्ट २०२० ची गणेश चतुर्थी मी क्वारंटाइनमध्ये काढली. दीड दिवसाचा गणपती, मी पोचायच्या आत विसर्जन. बाहेरच्याला हे फार मोठं वाटणार नाही पण कोकणातल्या माणसाला विचारा. व्हिडिओ कॉलवर आरती बघून मला जास्तच एकटं वाटलं. पुढच्या वेळी आम्ही घरात ठरवलं की ड्युटीवरचं माणूस परत येईल त्या दिवशी त्याच्यासाठी मोदक करायचे आणि देवापुढे एक आरती राखून ठेवायची, मग महिना कुठलाही असो. नुसतं बघायला लावण्यापेक्षा त्याच्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवा.

डॉक्टर कधी गाठायचा

दोन प्रश्न स्वतःला विचारा. मागच्या दोन आठवड्यांत, एक, कशातच रस किंवा आनंद वाटत नाही असं किती दिवस झालं? दोन, उदास, निराश, हताश किती दिवस वाटलं? अजिबात नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हीची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर आणखी प्रश्न विचारून ठरवतील, तुम्ही स्वतः निदान करू नका. बेरीज कमी असली तरी काम होत नसेल, रोज रडू येत असेल, दारू-गोळ्या वाढत असतील तरी जा.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे ओपीडीत दाखवता येतं, दाखवलं म्हणजे दाखल करतात असं नाही. आपल्याच दवाखान्यात नको वाटत असेल तर टेली मानस, सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा, १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नोकरीवर परिणाम होईल या भीतीने बरेच जण जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क तुम्हाला दिलेला आहे, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तसं सांगा.

जोडीदार म्हणाली की "नको झालंय सगळं, संपवून टाकावंसं वाटतं", तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि काही दिवस औषधांच्या स्टोअरची चावी आणि ट्रॉलीचं काम तिच्याकडे नको. हे इन्चार्जला सांगावंच लागतं, इथे गुपित पाळायचं नाही.

इन्चार्ज आणि एमओंसाठी

नुसतं योगा सेशन लावून बर्नआउट जात नाही. ड्युटी लिस्ट आठवडाभर आधी लावा आणि रात्री दहाला मेसेज करून बदलू नका. कोविड वॉर्डात नवीन मुलीला जुन्या सिस्टरबरोबरच लावा. रेस्ट रूम, चालू संडास, गरम जेवण. कंत्राटी लोकांचा पगार अडकला असेल तर त्याचा पाठपुरावा तुम्ही करा, तीन महिने पगार नसलेल्या माणसाला समुपदेशन कितीसं पुरणार. सफाईवाले आणि १०८ चे पायलट मीटिंगमध्ये बोलवा, कोल्हापूरच्या वाटेवरच्या करूळ घाटातून सिरिअस पेशंट घेऊन जाणाऱ्याला परत आल्यावर कोणी चहा पण विचारत नाही. आणि "शाब्बास टीम" असं मोघम नको, नाव घेऊन, काय केलं ते सांगा.

घरच्यांसाठी, आणि नंतरसाठी

घरातली बाई ड्युटीवरून आली की दारात "आज किती गेले?" असं विचारू नका. आधी आंघोळ, पेज किंवा कुळथाची पिठी-भात, आणि मग ती बोलली तर ऐका. चिडली तर ते तुमच्यावर नसतं, पण रोजच होत असेल तर तिला शांत वेळी सांगा. तिच्यावरचं घरकाम खरोखर काढून घ्या, "सांग काय करू" असं न विचारता भांडी घासून टाका.

साथ संपली की त्रास संपेल असं धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, माझ्या बरोबरच्या दोघींना त्यानंतर झोप येईनाशी झाली. काम होतं तोवर मन थोपवून धरतं. सॅनिटायझरचा वास, मॉनिटरचा आवाज, मेमधला वारा सुटला तरी अंगावर काटा येतो. असं झालं तर तळवे जमिनीवर दाबा, आज तारीख काय, मी कुठे आहे ते मोठ्याने म्हणा. महिनाभर सुटत नसेल तर वर दिलेला टेली मानसचा नंबर लावा. मी तो लावला तेव्हा पलीकडच्या बाईने विचारलं, "आत्ता बोलायला एकांत आहे ना तुमच्याकडे?" मी फोन घेऊन मागच्या आवारात माडाखाली जाऊन बसले, पाऊण तास बोलले, आणि दुसऱ्या दिवशी जोडीदाराला सांगितलं की मी फोन केलाय. आठवड्याने तिनेही केला.